साम्य आणि फरक

१९ जून १९६३, बुलढाणा

दहापैकी दोन! आणि खाली लाल शाईनं एकच ओळ — "ही तुलना नव्हे, हे भांडण आहे."

सरस्वतीबाई आम्हाला भाषा शिकवतात. वही त्यांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या हातात दिली. वाचून दाखवली नाही, एवढी मेहेरबानी. पण शेजारी बसते ती मेहकरची जनका, तिनं मान वाकडी करून वाचलंच. आणि खुदकन हसली. हस बाई. तुलाही लक्षात ठेवते.

विषय होता 'माझ्या परिचयातील दोन व्यक्ती : एक तुलना'. मी दोन बहिणी घेतल्या. नावं बदलली. मोठी कष्टाळू, खरं बोलणारी, भर उन्हात औत हाकणारी. धाकटी नटवी, आळशी, दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारी. पानंच्या पानं लिहिली. हात दुखला.

बाई म्हणाल्या, "मोठीला तू कामानं मोजलंस आणि धाकटीला रूपानं. ज्वारी पायलीनं मोजायची आणि लुगडं हातानं, मग कोण जास्त भरलं ते कसं ठरवशील? दोघींना एकच माप लाव. मग बोल."

माप! मला मापाचं सांगतात! मला मोजून बाजूला काढलेलं आहे, बाई. तुम्हाला काय माहीत?

२० जून

काल रागानं अर्धवट राहिलं. आज सगळं लिहिते. इथं लिहिलेलं कोणी वाचणार नाही.

तीन वर्षांपूर्वीचा माघ महिना. भगवानराव मास्तर मला पाहायला आले. मला! धाडच्या पुढं चार-पाच गावं सोडली की त्यांचं गाव. शाळेत मास्तर, घरी थोडी शेती, स्थळ चांगलं म्हणून माय दोन दिवस अंगण सारवत होती. मी अठरा वर्षांची, शालू पंधरा. मी काळी. नाव कोकिळा ठेवलं तेव्हाच सगळ्यांना कळलं असणार. शालू गोरी, ती कोणावर गेली देव जाणे.

मला पाटावर बसवलं. मास्तरनं वर्तमानपत्र वाचायला दिलं. मी घडघड वाचलं, सातवी पास आहे मी. मग विचारलं, "शेत कोण पाह्यते?" मी म्हणाले, "मीच. बाबाले पोरगा नाई." तो हसला. आत्ताही ते हसू दिसतं मला. शालू चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. मला आत जायला सांगितलं. ओसरीवर पुरुषांचं बोलणं चाललं, लांबलं. मी दाराआड. काही ऐकू येत नव्हतं, नुसती कुजबुज.

मग बाबा आत आले. मायला म्हणाले, "धाकटी पसंत हाय मनतात."

बस. एवढंच.

वैशाखात लग्न. शालूची हळद मी दळली. जात्यावर मला बसवलं, कारण घरात दुसरं कोण होतं? बायका येत, माझ्याकडे बघत, एकमेकींकडे बघत. एकीनं तर ऐकू जाईल असंच म्हटलं, "मोठी तव्याच्या बुडावानी हाय. त्याचं काय चुकलं?" आणि शालू! मांडवात खाली मान घालून हसत होती. एकदा तरी म्हणायचं होतंस, बाई — मी नाही बसत या पाटावर. नाही म्हणाली.

त्यानंतर कोणी मला पाहायला आलंच नाही. टाकून दिलेलं कोण उचलतं?

इथं नॉर्मल स्कुलात यायचं तेही सोपं नव्हतं. बाबा ऐकेनात — "माह्या औताचं काय?" मी जेवण सोडलं. शेवटी हिंमतरावमामा आले, बाबांशी भांडले, म्हणाले, "तिचं लग्न तं करत नाई, मास्तरीण तरी होऊ दे." मोटरीत बसताना बाबा रडले. आपल्या बापाचा आपल्यावर एवढा जीव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या कोणाचा असो नसो.

तर मी हा निबंध शिकणार. भांडण म्हणे! असा शिकणार की कोणाला भांडण म्हणता येणार नाही. आणि भगवानरावाला ऐकवणार. एकट्याला नाही — माणसांत.

२४ जुलै

बाई आज वर्गात बोलल्या ते जसंच्या तसं उतरवते, उपयोगी आहे.

"आधी सारखं काय ते पाहा. ज्यांच्यात काहीच सारखं नाही त्यांची तुलना होत नाही. बैलगाडी आणि पिठलं, काय सांगाल? मग वेगळं काय ते पाहा. साम्य आधी, फरक मागून. आणि शेवटी त्यातून तुम्हाला काय कळलं. कळलं काहीच नसेल तर लिहूच नका, शाई महाग आहे."

मुली हसल्या. मी नाही. मी लिहून घेत होते.

जनकानं विचारलं, "काय वं कोकिळा, तू निबंध शिकून राह्यली का कोर्टात दावा लावून राह्यली?"

मी म्हणाले, "दोन्ही."

१० ऑगस्ट

'नळ आणि विहीर' — पाच मिळाले. भांडण नाही म्हणाल्या. पण जीवही नाही म्हणाल्या!

१९ सप्टेंबर

सहा.

या वेळी 'खेडे आणि शहर' नको म्हणाल्या, ते म्हणे सगळेच लिहितात. मी 'सासरी जाणारी मोटर आणि माहेरी येणारी मोटर' लिहिलं. मोटर तीच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. मग फरक कुठं? बसणारीत. सासरी जाताना बाई खिडकीपाशी बसत नाही, माहेरी येताना खिडकी सोडत नाही. बाईंनी त्या ओळीशी समासात रेघ मारली. "हे तू पाहिलेलं आहेस," म्हणाल्या.

पाहिलं आहे तर. शालूला पाहिलं आहे. मी कुठं गेलेय सासरी!

एक गोष्ट लक्षात आली. रागात लिहिलं की तीन ओळींत संपतं. राग दाबून लिहिलं की पुरतं. मिरचीचं तसंच आहे. ओली जिभेला लागते आणि जाते. वाळवून कुटलेली वर्षभर पुरते. मी वाळवून ठेवतेय.

१७ नोव्हेंबर, घरी

दिवाळीला आले. शालू आणि मास्तर आलेत.

ठरवून आले होते, नीट बघायचं. दोघांना. मुद्दे गोळा करायचे. बाई म्हणतात, न पाहता लिहू नये.

पाणी द्यायला मीच ओसरीवर गेले. मुद्दाम. मास्तर वाळला आहे. कानापाशी केस पांढरे दिसतात, या वयात! तांब्या घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "निबंध शिकता म्हणे."

"हो."

"कोनता?"

"तुलनेचा."

तो तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माणसामाणसाची तुलना करू नाई. मी शिकलो ते."

मी शिकलो! बघा! मोठी नको धाकटी द्या म्हणणारा हा, मला सांगतो तुलना करू नये! तांब्या हातातून हिसकावून डोक्यात घालावा असं वाटलं. पण हसले. "जेवायला चला," म्हटलं. वाळवून कुटायचं आहे ना.

शालू चुलीपाशी होती. तीही बारीक झाली आहे. अजून पाळणा हलला नाही म्हणून सासूची बोलणी चालूच असतात. मी करंज्या लाटत होते, ती भरत होती. मधेच म्हणाली, "ताई, मास्तर घरात बोलतच नाई वं. जेवतात, पुस्तक घेतात, निजतात. मारत नाई, शिवी देत नाई. पण बोलत नाई. माहं काय चुकलं असन?"

"मले काय माईत?" मी म्हणाले.

आतून गार वाटलं. लिहून ठेवते — वाटलं. ज्याच्यासाठी तू मांडवात हसलीस तो तुझ्याशी बोलत नाही. बरं झालं! करंजीची कड मी अशी मुरडली की मायनं विचारलं, कोणाचा कान पिळून राह्यली?

बाबांचं तुणतुणं चालूच. "बस झालं शिकणं. आली तशी राह्य. निवृत्ती गडी औत वाकडंच हाकते." मी म्हणाले, पुढच्या वर्षी नोकरी लागेल. बाबांचं तोंड उतरलं. माय काही बोलली नाही. माय हल्ली काही बोलतच नाही.

१९ नोव्हेंबर, घरी

बाबांबरोबर बैलांच्या बाजारात गेले. दरवेळी मलाच नेतात, म्हणतात माझी नजर चांगली. बायामाणसं नसतात तिथं, पण आता कोणाला नवल राहिलं नाही. रामरावाची मोठी आली, म्हणतात आणि रस्ता देतात.

एका दावणीपाशी सौदा चालला होता. गिऱ्हाइकानं आधी दावणीवरून नजर फिरवली. मग एकाला सोडायला लावलं. चालवून पाहिलं. पाठीवरून हात फिरवला. जबडा उघडून दात पाहिले, चार दाती आहे म्हणाला. अंगावरचा भोवरा पाहिला, शुभ की अशुभ. बैल गरीब, उभा होता डोळे मिटून. मग तो माणूस शेजारच्या धाकट्या गोऱ्ह्याकडे बोट करून म्हणाला, "हे नाई. ते दाखवा."

माझे पाय तिथंच रुतले.

बाबा हाका मारत होते. मी बघत उभी. माझा निबंध समोर उभा होता — शिंगं, वशिंड, शेपूट सगळं घेऊन!

५ डिसेंबर

'बैल पाहणे आणि मुलगी पाहणे'. एका बैठकीत लिहिला. एकच माप — पाहणाऱ्याची नजर. बैलालाही तेच, मुलीलाही तेच. बाई, आता बोला!

बाईंनी माझ्यासमोरच वाचला. लवंग चघळत असतात, ती चघळायच्या थांबल्या. वाटलं, जिंकले.

म्हणाल्या, "साम्य उत्तम. फरक कुठं आहे?"

"फरक नाहीच, बाई! तेच तर सांगायचं आहे!"

"मग हा अर्धा निबंध आहे. मुलगी आणि बैल सारखे, हे चौथीतली पोरही म्हणेल. लोक हसतील, घरी जातील. हसल्यानंतर त्यांच्या घशात अडकेल ते लिही. ते फरकात असतं."

खोलीवर येऊन चिडून बसले. जनका म्हणाली, बैलाला शेपूट असते, लिही. मी उशी फेकून मारली.

फरक! बैलाला नापसंत केलं तर काय होतं? काय होतं? घरी येतो. वैरण खातो.

आणि मला? —

सापडला.

२१ डिसेंबर

नऊ! बाईंनी आजवर कोणाला नऊ दिलेले नाहीत!

११ जानेवारी १९६४

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन आहे. बाई म्हणाल्या, "तुझा निबंध रंगमंचावरून वाचायचा. वाचशील?"

मी याच दिवसासाठी जगतेय, हे त्यांना कसं सांगू! नुसती मान हलवली.

"पालक येतात. आजूबाजूच्या शाळांचे मास्तर येतात," बाई म्हणाल्या. माझ्याकडे रोखून बघत होत्या. "निबंधाला धार चांगली आली आहे. धार कोणाकडे करायची तेही माहीत असेल तुला."

"माहीत आहे, बाई."

लगेच दोन कार्डं टाकली. एक घरी, बाबांना. एक शालूच्या घरी. 'संमेलनास अवश्य यावे. जावईबापूंना आग्रहाचे निमंत्रण. त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाने माझा निबंध ऐकावा अशी फार इच्छा.' जाणत्या हा शब्द दोनदा खोडून परत लिहिला. हसू आवरेना.

९ फेब्रुवारी

झालं! झालं!

सगळं क्रमानं लिहिते.

पटांगणात मांडव होता. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. मास्तर लोकांना मान म्हणून पुढच्या खुर्च्या. तिथं भगवानराव — नवा फेटा बांधून! शेजारी बाबा. आमच्या गावचे कडूबा पाटीलही आले होते, त्यांची भाची पहिल्या वर्षाला आहे. बायांत माय आणि शालू, हिरव्या लुगड्यात. मी पडद्याच्या फटीतून एकेकाला हेरून ठेवलं.

माझं नाव पुकारलं. वाचायला लागले.

"बैल पाहायला येणारा आधी सगळ्या दावणीवरून नजर फिरवतो. मुलगी पाहायला येणाराही. बैलाला चालवून बघतात, मुलीलाही. बैलाचा जबडा उघडून दात बघतात. मुलीला वाचायला लावतात, म्हणजे तोंड आपोआप उघडतं."

हशा! पुरुषांचा जास्त. माझ्या अंगात वारं शिरलं.

"बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून होतो. मुलीचा ओसरीवर होतो. बैलाला काही कळत नाही. मुलगी दाराआड असते, तिलाही काही कळत नाही."

परत हशा, पण कमी. भगवानरावानं मान वर केली. मी त्याच्याकडेच बघून पुढचं वाचलं. कागद बघायची गरजच नव्हती.

"आता फरक. बैल पसंत पडला नाही, तर मालक त्याला घरी आणतो, वैरण टाकतो. त्याच मांडवात त्याला धाकट्या बैलाची हळद दळायला कोणी बसवत नाही. बैल घेणारा ज्याला पाहायला आला, त्याच्या देखत शेजारच्याचं दावं सोडून नेतो. पण मग वर्षाच्या सणाला येऊन पहिल्याच्या हातचं पाणी पीत नाही, आणि त्याला शहाणपण शिकवत नाही. म्हणून मी म्हणते, बाजार बरा. तिथं जनावराला कोणी कुंकू लावून बसवत नाही."

आणि तेवढ्यात आमचे कडूबा पाटील! त्यांना सगळी हकीकत ठाऊक. मोठ्यानं म्हणाले, "भगवानराव मास्तर, दात मोजले का हो धाकटीचे?"

मांडव फुटला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्यानं सांगितलं, वणव्यासारखं पसरत गेलं. पुढच्या खुर्च्यांवरचे मास्तर तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी एकेक चेहरा बघून घेतला. चार वर्षांचं व्याज सोडायचं नव्हतं मला.

भगवानराव उठला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. उभं राहून मला हात जोडले — रीतसर, खालपर्यंत — आणि माणसांमधून वाट काढत निघून गेला. फेट्याचा शेमला लोंबत होता.

हात जोडले! याच्यापरता विजय कोणता?

बाबा त्याच्याही आधी उठून गेले होते, मी फरकावर आले तेव्हाच. लेकीचं दुःख ऐकवलं नसेल. शालूनं शेवटपर्यंत मान वर केली नाही. तिच्याकडे मी बघितलंच नाही म्हटलं तर खोटं होईल. बघितलं.

नंतर बाया मला भेटायला आल्या. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवत रडली, "माह्याच मनातलं बोलली तू, माय." सरस्वतीबाईंनी लवंग दिली.

१० फेब्रुवारी

झोप कशी लागली! कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती.

८ मार्च

कडूबा पाटलांची भाची गावाकडून आली, बातमी घेऊन. भगवानराव फळ्याकडे वळला की मागची पोरं बैलासारखी हंबरतात. छडी घेतली तर जास्तच हंबरतात. त्यानं बदली मागितली आहे. शालूला सासूनं माहेरी पाठवलं — "तुह्या बहिणीनं आमची अब्रू चावडीवर मांडली, तिच्याच घरी राह्य."

मी खोलीत येऊन "हम्मा!" केलं. दोनदा. जनका हसेल वाटलं होतं.

जनका म्हणाली, "हंबरायचं त्यानं. धाकटीनं काय केलं होतं वं?"

"मांडवात हसली होती."

"पंधरा वर्षांची पोट्टी नवं लुगडं नेसून हसन नाई तं काय करन?"

उत्तर द्यायला काय, होतं माझ्याकडे. पण ती लगेच कंदील पुसायला बसली.

शालूला मी पाठवलं नाही माहेरी. तिच्या सासूनं पाठवलं. फरक आहे.

२२ एप्रिल

परीक्षा संपली. प्रश्नपत्रिकेत तुलनात्मक निबंध आलाच! 'सूड आणि क्षमा' किंवा 'शेतकरी आणि शिक्षक'. मी शेतकरी आणि शिक्षक लिहिला. सूड-क्षमेचं तर एकच अंग मला ठाऊक आहे, फरक कसा दाखवणार?

बाबांचं कार्ड आलं, मामांकडून लिहून घेतलेलं. पुढच्या बुधवारी न्यायला येतात. खरिपाची मशागत करायची आहे, सुट्टीभर माझी फार गरज आहे म्हणे. बिचारे. थकले आता. मीही म्हटलं, या वेळी सुट्टीभर औत मीच हाकीन. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं आहे मला.

२९ एप्रिल

बाबा आले, बरोबर शालूही आली. बोर्डिंगमध्ये पुरुषांना वर सोडत नाहीत, बाबा फाटकाशी थांबले. शालू एकटीच गाठोडं घेऊन वर आली. मी ट्रंक भरत होते. ती उभ्याउभ्याच बोलली, जणू पाठ करून आली होती.

"परवा मास्तर आले होते. मी भांडून विचारलं तवा त्याईनं सांगतलं. त्याईनं तुलेच पसंत केलं होतं, ताई. मोठीच द्या मनले, शेत पाह्यणारी हाय, वाचते चांगली. बाबाच नाई मनले. मोठी गेली तं माहं शेत कोन पाहीन, मले पोरगा नाई. धाकटी न्या, नाईतं दुसरं घर पाहा."

"मायले माईत होतं?"

"हाव."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मले कोणीच नव्हतं मांगतलं वं. तुह्या बदल्यात देल्लं मले." आणि खाली बसली.

ट्रंकेतली लुगडी काढून मी परत खुंटीला लावली आहेत. शालूचं गाठोडं पलंगाखाली सरकवलं. सुट्टीत दोघींना इथं राहता येईल का ते बाईंना विचारायला जनका गेली आहे.

खाली फाटकातून बाबा हाका मारतायत. मोटर सुटते म्हणतायत. मारू देत हाका.